तिसरं लिंबू

खेमराजने तिसरं लिंबू पेल्यात पिळलं, मूठभर साखर टाकली आणि बोटानेच ढवळून पेला राजदीपच्या ओठांशी नेला.

"पी. उतरल सारी."

राजदीप खाटेवर धापा टाकत होता. बारावीचे पेपर नुकतेच आटोपलेले. पोरगा सकाळपासून उठलाही नव्हता, तरी छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तोंडाला गोडसर, आंबूस वास येत होता. अंगणात मोहफुलं वाळत पडली होती, पण हा वास तिथला नव्हता, त्याच्या श्वासातला होता.

नीलाने पेला बाजूला सारला.

"अवो, आपला पोरगा प्यायला नाही."

"मले वास येऊन राहिला ना! सेवकरामबी असाच घमघमत होता. असाच धापत होता."

सेवकराम म्हणजे खेमराजचा धाकटा भाऊ. तो ऐन विशीत गेला, तेव्हा नीला या घरात यायची होती. मोहाची पिऊन मेला, एवढंच तिला सांगितलेलं. खेमराज विहारात पोरांना पंचशील शिकवायचा, गावातली भट्टी फोडायलाही तोच पुढे होता. त्याने भावाचं नाव टाकलं ते टाकलंच. भिंतीवर आईबापाचा फोटो होता, भावाचा नव्हता. अशा माणसाच्या पोराच्या तोंडाला वास यावा, म्हणजे त्याच्या लेखी आभाळच कोसळलं होतं.

"दवाखान्यात नेलं तं पुरी देवरी हासल," तो म्हणाला. "घरीच उतरू दे."

"माह्या बाप पिता पिता मेला. मले दारूचा वास नका शिकवू." नीलाने पदर खोचला. "पिलेला माणूस घोरते, असा दमासाठी लढत नाही. महिन्याभरापासून हा माठच्या माठ रिकामा करून राहिला, कपडे अंगावर लोंबून राहिले, ते काऊन? तुमी यायचं तं या. मी जाऊन राहिली."

तिने राजदीपचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला जवळजवळ ओढतच हमरस्त्यावर आणलं. काळीपिवळी जीप थांबवली. खेमराज मागून आला, तोंडाला दुपट्टा बांधून.

गाडीत समोर बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला.

"दिवसाढवळ्याच का वं?"

"बिमार आहे," नीला अशा काही आवाजात म्हणाली की पुढे कोणाची विचारायची छाती झाली नाही.

"उसको बोलो, धीरे सांस ले," ड्रायव्हर म्हणाला.

"घेऊ द्या त्याले जसा घेते तसा. तुमी गाडी हाना."

देवरीच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे पाहिलं आणि लगेच सलाइन लावायला घेतलं. इन्सुलिन सुरू झालं, तेव्हाच तो या दोघांकडे वळला.

"शुगर आहे. खूप वाढलीय. गोंदियाला न्यावं लागेल, मी गाडी मागवलीय. पण वेळेत आणलंत."

"साहेब, वास..." खेमराज चाचरला.

"दारूचा नाही तो. इन्सुलिन नसलं की साखर अंगी लागत नाही, मग शरीर चरबी जाळतं. तिचा वास. त्यानेच रक्त आंबट होत जातं. आपल्या रक्तात खायच्या सोड्यासारखा क्षार असतो, तो आंबटपणा मारत राहतो. याचा तो संपत आलाय. मग उरतो श्वास. कार्बन डायऑक्साइड जितका बाहेर फेकला, तितकं आम्ल कमी." डॉक्टरने राजदीपच्या छातीकडे बोट दाखवलं. "या श्वासानेच वाचवलंय त्याला."

नीलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती राजदीपच्या उशाशी बसली आणि त्याचं कपाळ पुसू लागली.

"घरात आधी कोणाला असं झालं होतं?" डॉक्टरने विचारलं.

"नाही जी," खेमराज लगेच म्हणाला.

नीला त्याच्याकडे बघत राहिली.

डॉक्टर सलाइनची नळी तपासत होता. खेमराजने तोंडावरचा दुपट्टा सोडला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"भाऊ होता माह्या," तो म्हणाला. "सेवकराम."

"त्याला काय झालं होतं?"

"आमी त्याले लिंबू-साखर पाजलो," खेमराज म्हणाला, "आन् उतरायची वाट पाहत बसलो."

नीला थोडी सरकली आणि खाटेच्या कडेला तिने त्याला बसायला जागा करून दिली.