ओळ नऊ ते चौदा

गटात माझं नाव ‘कात्री’. मी ते घेतलं नव्हतं, लोकांनी दिलं. पण खोटं कशाला बोलू, ऐकून छाती दोन इंच फुगायची. धंद्याने मी शिंपी. बत्तीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवतोय, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की कापायच्या टेबलाला टेकून फोनवर कविता वाचतो. गटाचं नाव ‘दुसरा खर्डा’. चाळीसेक माणसं, कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी तो काढला, नियमही त्यांचेच. कवीने कविता टाकायची, बाकीच्यांनी खाली सूचना करायच्या, आणि पटलं तर कवीने तीच कविता तिथल्या तिथे दुरुस्त करायची. दुरुस्त केली की पहिला खर्डा नाहीसा. उरते ती सुधारलेली कविता आणि खाली आमच्या सूचना. उष्टी ताटं मांडून कशाला ठेवायची, असं मी त्यावर म्हणायचो. लोक हसायचे.

माझ्या सूचना कापाकापीच्याच. ‘हे विशेषण उतरवा.’ ‘इथे कापड ढगळ झालंय.’ ‘कविता घट्ट करा.’ घट्ट हा माझा लाडका शब्द. सुरुवातीला मी नको असलेली ओळ जशीच्या तशी खाली लिहायचो आणि ती का नको ते समजावून सांगायचो. पुढे मान वाढला तसा हात आखडला. नुसते आकडे टाकायला लागलो. ओळ चार काढा. ओळ सात ते नऊ काढा. आणि लोक काढायचे!

बायको समोर बसून काज-बटण करायची. ती म्हणायची, "स्वतःची एक कविता पुरी होत नाही आणि दुसऱ्यांच्या उसवत बसता. लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

गटात एक ‘वाहवा’ नावाचा इसम होता. कुठलीही कविता आली की दहा-बारा मिनिटांत त्याचं खाली हजर: ‘वा वा, जीव घेतलात.’ सूचना शून्य. माझं डोकं उठायचं. मी मास्तरांकडे तक्रार केली, की असल्या आंधळ्या कौतुकाने कवी बिघडतात, गट काय आरती ओवाळायला आहे का? मास्तरांना पटलं. नवा नियम आला: नुसती स्तुती दिसली की पुसून टाकायची. वाहवा रागावला नाही. तो लिहीत राहिला, मास्तर पुसत राहिले.

आणि एक होती लिफ्टवाली. एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायची. स्टुलावर बसून, दोन मजल्यांच्या मधल्या वेळात लिहायची. तिच्या सगळ्या कविता आईवर. आईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. रोज कामावरून सुटली की ही आईकडे जायची आणि तिथे जे घडलं ते दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लिहायची. कविता लांबलचक, त्यात काय नाही? आई झाकण उचलण्याआधी त्यावर दोनदा टिचकी मारते. आई संत्र्याची साल एका पट्टीत काढते आणि ती पट्टी दाराच्या मुठीला लावून ठेवते. मी म्हणायचो, बाई, टिचकी नको, मूठ नको, घट्ट करा. ती म्हणायची, "बरं काका." आणि करायची. तिला मी घडवलं, असं मी चारचौघांत सांगायचो. आज ते आठवलं की कान गरम होतात.

गेल्या वर्षी तिने ‘कंगवा’ टाकली. आई तिचे केस विंचरतेय अशी कविता. चौदा ओळी. आठव्या ओळीपर्यंत वाचलं आणि मी टेबलावर हात आपटला. सातवी-आठवी अशी होती:

ती विचारते, तुझी आई कुठे असते?
मी म्हणते, इथेच, जवळच.

यापुढे कुणी काय लिहिणार? पण हिने आणखी सहा ओळी लिहिल्या होत्या. मी त्यांवरून नजर फिरवली असेल, एवढंच. काय होत्या ते मात्र मनावर उमटलं नाही, कारण माझी कात्री आठव्या ओळीखाली लागलीसुद्धा होती. मी लिहिलं: ‘ओळ नऊ ते चौदा काढा. कविता आठव्या ओळीवर संपते.’

तिने पहिल्यांदाच उलट उत्तर केलं. ‘पण काका, हे खरं घडलंय.’

मी लिहिलं, ‘खरं घडलं म्हणून कवितेत राहतं असं नाही.’

या वाक्याला तेवीस जणांनी पसंती दिली. तासाभराने तिचं ‘बरं’ आलं, आणि कविता आठ ओळींची झाली. वर्षाअखेरीस गटाने तीच सर्वांत चांगली कविता म्हणून निवडली. मास्तरांनी लिहिलं, श्रेय लिफ्टवालीचं आणि अर्धं कात्रीचं. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोरा संपलाय, आणा."

गेल्या महिन्यात, दुपारी, मी एका पँटचं कापड टेबलावर पसरून खडूने आखत होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"काका, मी लिफ्टवाली. मास्तरांनी नंबर दिला. थांबा हं, दुसरा मजला… हां. आई गेली काका. तीन आठवडे झाले."

अशा वेळी बोलतात ते मी बोललो. तिने ऐकून घेतलं.

"माझं एक काम होतं. ‘कंगवा’चा पहिला खर्डा आहे का हो तुमच्याकडे? त्या काढलेल्या ओळी?"

"माझ्याकडे? तुमच्याकडे नाहीत?"

"मी वहीत कुठे लिहिते? थेट गटातच लिहायचे. मास्तर म्हणाले, एकदा बदललं की मागचं राहत नाही." मध्ये दार उघडल्याचा, माणसं चढल्याचा आवाज आला. ती थांबली, मग हळू आवाजात बोलायला लागली. "धाकटी बहीण आली होती. दोन वर्षं फिरकली नव्हती. ती कविता मीच तिला पाठवली होती, कौतुकाने. ती म्हणाली, आई तुलासुद्धा ओळखत नव्हती, मग मी आले असते तरी काय फरक पडला असता? मी म्हटलं, नाही गं, त्या दिवशी विंचरता विंचरता तिने मला ओळखलं होतं. तर म्हणते, तूच तर लिहिलंयस, तुझी आई कुठे असते म्हणून विचारलं तिने. त्यापुढे कुठे काय लिहिलंयस?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"काका, भांडणाचं सोडा. बहीण गेली परत. पण आता मलाच खात्री वाटेना. तेव्हा लिहून ठेवलं होतं ना, म्हणून डोक्यात ठेवलं नाही. आणि नंतर तुमची ती आठ ओळींचीच इतक्यांदा वाचली, की आठवायला गेलं तर तेवढंच आठवतं. खरंच ओळखलं होतं का तिने मला? का मी आपलं मनानेच लिहिलं होतं?"

तुमची ती आठ ओळींची. तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं होतं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"अहो, तुम्ही खाली लिहिलंय ना, ‘हे खरं घडलंय’ म्हणून," मी म्हणालो.

"वाचलं ते. पण ‘हे’ म्हणजे काय, तेच तर आठवत नाही. थांबा, पाचवा मजला." आणि फोन बंद झाला.

मी गट उघडून तिच्या सगळ्या कविता वर-खाली केल्या. जुन्या कवितांखाली माझ्या लांबलचक सूचना होत्या आणि त्यांत तिच्या कापलेल्या ओळी जशाच्या तशा होत्या. टिचकी सापडली. संत्र्याची साल सापडली. मी एकेक कागदावर उतरवत गेलो, आणि थोडी आशाही वाटली. मग ‘कंगवा’पाशी आलो. तिथे माझ्या हातचं होतं: ओळ नऊ ते चौदा. आकडे. बैल गेला आणि झोपा केला, तसा मी ते आकडे मोठे करून बघत बसलो.

बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं?"

मी सांगितलं. वाटलं, बोलेल काही. ती थोडा वेळ सुईत दोरा ओवत राहिली, मग टेबलावरच्या पँटकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्यात मागे किती सोडलंय?"

"दोन बोटं." पँटच्या मागच्या शिवणीत मी नेहमीच दोन बोटं कापड जास्त सोडतो. माणूस सुटतो, पोट वाढतं. उसवून सैल करता आलं पाहिजे. उरलेला तुकडासुद्धा गुंडाळी करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालतो. बत्तीस वर्षांत कुणाची चिंधी ठेवून घेतलेली नाही.

"मग?" ती म्हणाली. एवढंच.

पुन्हा फोन हातात घेतला तेव्हा एक गोष्ट दिसली. माझ्या सूचनेच्या वर, कविता आल्यावर अकरा मिनिटांनी, एक करडी पट्टी होती: ‘ही प्रतिक्रिया नियमानुसार काढली आहे.’ नियम माझाच. आणि अकरा मिनिटांत धावत येणारा माणूस गटात एकच.

मास्तरांकडून नंबर घेतला. वाहवा शाळेची बस चालवतो, हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. मुलांना सोडायचं आणि शाळा सुटेपर्यंत रिकाम्या बसमध्ये बसायचं, असा त्याचा दिवस.

"अरे, कात्री! आज गरिबाची आठवण?" तो मोकळेपणाने हसला. मला वाटलं होतं, चार शिव्या देईल.

मी विचारलं, ‘कंगवा’खाली तुम्ही काय लिहिलं होतं? कुठली ओळ वगैरे?

"मी काय लिहिणार? वा वा, दुसरं काय येतं मला! पण ओळ आहे पाठ. मी आवडलेली ओळ पाठच करतो. म्हणून तर तुमची कात्री चालायच्या आत वाचून घ्यायचो." तो थांबला आणि आवाज जरा वेगळा करून म्हणाला, "‘चिमे, तुझा भांग अजून वाकडाच.’ नववी ओळ. आई म्हणते तिची. काय ओळ आहे हो! मी बसमध्ये एकटाच रडलो होतो."

मी ओळ कागदावर उतरवून घेतली. "आणि पुढच्या पाच?"

"पुढे ती बरंच काही बोलते. छान होतं. पण एवढी एक पाठ केली आणि शाळा सुटायची घंटा झाली. म्हटलं, बाकीच्या उद्या करू. उद्या बघतो तर कविता आठ ओळींची."

मी लिफ्टवालीला फोन लावला. ती म्हणाली, बोला, आता लिफ्ट रिकामी आहे. मी ओळ सांगितली.

"चिमे फक्त आई म्हणायची," ती म्हणाली. "गटात मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही." ती हसायला लागली. "आणि काका, हे मी मनाने नाही लिहू शकत. मनाने लिहिलं असतं तर काहीतरी गोड लिहिलं असतं. भांग वाकडा आहे, हे तीच म्हणणार. ओळखलं होतं तिने मला. ओळखलं होतं!"

"हो."

"आणि पुढे? पुढे तिने मला काहीतरी विचारलं होतं. बरंच बोलली होती ती. पुढचं काय, काका?"

"पुढच्या पाच ओळी कुणाकडेच नाहीत. माझ्यामुळे गेल्या त्या. माझं चुकलं, बाई. फार चुकलं."

"बरं," ती म्हणाली. टिचकी काढा म्हटल्यावर म्हणायची, अगदी तसंच. मग कुठलासा मजला आला.

चार दिवसांनी ‘कंगवा’ गटात पुन्हा वर आली. तिने दुरुस्ती केली होती. आठ ओळी तशाच, खाली नववी, आणि नववीखाली मोकळी जागा. मी बोट ठेवून मोजली. पाच ओळींची होती.

मास्तरांनी विचारलं, कात्री, काय म्हणता? तेवढ्यात एका नव्या सभासदाची सूचना आली. दोन महिन्यांपूर्वीच आलाय, हुशार आहे, माझ्या जुन्या सूचना वाचून शिकलो असं सांगतो. त्याने लिहिलं होतं: ‘ओळ नऊ चांगली. त्याखालची रिकामी जागा काढून टाकावी, कविता घट्ट होईल.’

मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिलं: ‘काढू नका. तिथे ओळी होत्या. मी त्या न वाचताच कापल्या.’