शून्याचा सत्कार

तीर्थपुरीजवळच्या एका गावात कोरोनानं एकही माणूस दगावला नाही, असं आरोग्य खात्याच्या अहवालात छापून आलं, आणि गावाला सन्मानचिन्ह मंजूर झालं. सरपंच धर्मराजचे पाय जमिनीवर ठरेनात. मांडव पडला, वाजंत्री आली, तालुक्याचे डॉक्टरसाहेब जीपमधून उतरले.

गिरणीवाल्या नंदाबाईच्या जिवाची मात्र तगमग चालली होती. तिचे मालक सोमेश्वर दुसऱ्या लाटेत जालन्याच्या दवाखान्यात वारले होते. मग ते गेले कशानं?

साहेब भाषणात म्हणाले, "शून्य! हे गावाच्या शिस्तीचं फळ आहे." टाळ्या पडल्या. नंदाबाई उठली.

"साहेब, मंग आमचे मालक कशानं गेले?"

साहेबांनी शेजारी बसलेल्याच्या कानाशी लागून विचारून घेतलं. "त्यांचं हृदय बंद पडलं, ताई."

"ते तर समद्यांचंच पडतं. हृदय चालू असताना कोन मेलंय?"

मांडवात खसखस पिकली. साहेब सावरून बसले. "त्यांना साखरेचा आजारही होता."

"साखर कित्येक वर्सं घरातच राह्यली, कधी मारलं न्हाई. कोरोना आला अन् आठवडा काढू दिला न्हाई."

"शिवाय ते जालन्यात वारले. ते गावाच्या खात्यात धरत नाहीत."

"मंग जालन्याच्या आकड्यात हायेत?"

"तिथं ते बाहेरगावचे पेशंट…"

"म्हंजे माणूस रस्त्यातच हरवला म्हणा की!" पुन्हा हशा झाला. नंदाबाई हसली नाही. "कोरोना न्हवता, तर प्लास्टिकात गुंडाळून का दिलं? एकदा तोंड तरी बघू दिलं असतं."

मग मागून भुजंग उठला, "माझी माय बी तशीच गेल्ती." घरचं माणूस गमावलेली दीपमाला उभी राहिली. आणखी माणसं उठायला लागली.

"बसा, बसा! गावाच्या इज्जतीचा सवाल हाय," धर्मराज ओरडला.

"भावजी," नंदाबाई म्हणाली, "आमच्या माणसाला खांदा द्यायला तुम्ही घाबरला. या शून्याला खांदा द्यायला बरे पुढं आलात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. सन्मानचिन्ह 'फेरतपासणीसाठी' जीपमध्ये परत गेलं. पुढच्या अहवालात गावापुढचं शून्य खोडलेलं होतं. त्या जागी छापलं होतं: माहिती उपलब्ध नाही.

"आमच्याकडं हाय ना," म्हणत नंदाबाईनं पेंटर बोलावला आणि गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कोरोनानं गेलेल्यांची नावं लिहायला लावली. दिवसभर लोक येत होते, आपलं माणूस सांगत होते. कुणी नुसतंच उभं राहून डोळे पुसत होतं.

दिवस कलताना धर्मराज आला. भिंत वाचल्यासारखं करत बराच वेळ घुटमळला.

"वहिनी, आमच्या चुलत्याला बी… तेव्हा दमा म्हणून सांगितलं व्हतं आम्ही."

नंदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

"पेंटर अजून हाय," ती म्हणाली. "पुरं नाव सांगा."