काढलेलं आधी जागेवर लावा

घरात काही बिघडलं की ते दुरुस्त करायच्या आधी 'कोणी बिघडवलं' हे ठरवायचं, ही आपल्या घरांची जुनी शिस्त आहे. नळ गळो, इस्त्री जळो, घड्याळ मागे पडो. माणूस आधी सापडतो, कारण मागाहून. आणि सापडणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, जो त्या घरात कामाला येतो आणि ज्याला कधी कोणी खुर्चीवर बसायला सांगितलेलं नसतं. ही गोष्ट तुमच्या घरची नाही. तरी वाचून घ्या.

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या एकनाथराव भालकीकरांच्या घरी दोन हजार सालच्या जानेवारीत बिघडला तो आवाज. एकनाथराव सरकारच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका लाल शाईनं दाखवल्या. स्वतःच्या दाखवायची सोय त्या खात्यात नव्हती. त्यांच्या पत्नी कुसुमताई. गल्लीत त्यांचा शब्द चाले, आणि पायी निघालेल्या पोस्टमनपेक्षा लवकर पोचे. मुलगा गिरीश एका खासगी कंपनीत इंजिनिअर. त्या दिवसांत हैदराबादेत दर तिसऱ्या घरातला मुलगा कॉम्प्युटरचा कोर्स करत होता आणि दर दुसऱ्या घरातल्या आईला तो अमेरिकेला पोचल्यासारखाच वाटत होता. गिरीश कुठेही गेला नव्हता, पण दिवाळीत त्यानं सुटे भाग जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर घरी आणला होता.

त्याची बायको हर्षदा गाते. नारायणगुड्याला मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी ती मुलांना गाणी शिकवी. घरात आजीशी मराठी बोलणारी, शाळेत तेलुगू नि इंग्रजी शिकणारी, खेळताना "नक्को रे, आउट है तू" म्हणणारी ही मुलं. मराठीचं पुस्तक पुढे ठेवलं की ती चित्रं बघत. हर्षदानं ठरवलं, वाचता येत नसेल तर निदान ऐकू दे. तिनं स्वतः बारा गाणी रचली. ती घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाला एक सीडी द्यायची, असा बेत झाला. मंडळानं आपला माइक आणि छोटा मिक्सर (आवाजाचा, चटणीचा नव्हे) तीन आठवड्यांसाठी दिला.

सोमवारी पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. सगळे ऐकायला बसले. हर्षदाच्या आवाजाखालून एक 'घुंऽऽ' येत होता, जणू गाण्याच्या पाठीमागे कोणी पिठाची गिरणी लावली आहे.

गिरीशनं माइक बदलला. घुंऽऽ. वायर बदलली. घुंऽऽ. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, विंडोज नव्यानं टाकू या. तो सर्दीवरही हेच सांगत असावा. विंडोज नवं झालं, घुंऽऽ जुनाच राहिला.

मग कुसुमताईंना आठवलं की सोमवारी सकाळीच भामानं कॉम्प्युटरचं टेबल पुसलं होतं. भामा अकरा वर्षं त्यांच्याकडे भांडी आणि फरशी करत होती. गल्लीतली आणखी तीन घरं तिच्याकडे होती. तिनं ओलं फडकं फिरवलं, पाणी आत गेलं, निकाल लागला. भामाला बोलावून कुसुमताईंनी तो निकाल वाचून दाखवला. भामाचं घरचं बोलणं तेलुगू, पण मराठी घरांत राबून तिची जीभ तीन भाषांची झालेली. त्या वेळी मात्र ती स्वतःच्याच भाषेत बोलली, "नेनु चेय्यलेदम्मा." मी नाही केलं अम्मा. उद्यापासून येऊ नकोस, असं तिला सांगण्यात आलं. तिनं मागच्या दाराची किल्ली खिडकीत ठेवली आणि ती गेली.

गिरीश तिथेच उभा होता. पाणी आत गेलं असतं तर कॉम्प्युटर बंद पडला असता, तो घुंऽऽ करत बसला नसता, हे इंजिनिअर माणसाला कळत होतं. तो बोलला नाही. आईपुढे कोण बोलणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं लगेच पटवून घेतलं.

कुसुमताईंनी त्याच दुपारी शेजारणीला सावध केलं, की भामाला विजेच्या वस्तूंजवळ जाऊ देऊ नका. बातमी दुसऱ्या घरी पोचेपर्यंत भामानं कॉम्प्युटर जाळला होता. तिसऱ्या घरी, वकिलीणबाई सुनीताबाईंकडे, ती काहीतरी उचलताना सापडली होती. शुक्रवारपर्यंत दोन घरांनी तिला 'सध्या नको' म्हटलं, आणि सुनीताबाईंनी तिला फक्त भांडी घासायला मागच्या ओट्यापर्यंत यायची परवानगी ठेवली.

इकडे भांडी हर्षदाकडे आली. सकाळी ती भांडी घासे, दुपारी फरशी पुसे, आणि रेकॉर्डिंगच्या वेळेला तिच्या गळ्याआधी कंबर बोले. आठ दिवसांत बारापैकी एकही गाणं झालं नाही. घुंऽऽ मात्र ठणठणीत होता.

तेव्हा एकनाथरावांनी आपल्या मित्राला, गौलीगुड्याच्या लक्ष्मणरावांना बोलावलं. लक्ष्मणरावांनी तीस वर्षं रेडिओच्या नोकरीत तारा, माइक आणि गवई सांभाळले होते, आणि त्यांच्या मते त्यात सगळ्यात कमी बिघडतात त्या तारा. ते एक कापडी पिशवी घेऊन आले, चहा प्याले आणि म्हणाले, वाजवा.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी किरकोळ दुखणी काढली. हर्षदा उंच सूर लावी तेव्हा आवाज फाटत होता. त्यांनी मिक्सरचं बटण मागे घेतलं आणि सांगितलं की मोठ्यानं म्हणजे चांगलं, हे लाउडस्पीकरवाल्यांचं मत आहे, गाण्याचं नाही. मध्येच कुई वाजत होती. स्पीकर चालू ठेवून त्याच्यासमोर माइक धरला तर तो स्वतःचंच ऐकून ओरडणार, म्हणून त्यांनी कानाला हेडफोन लावायला दिले. एका बाजूनंच आवाज येत होता. पिन अर्धीच आत गेली होती.

राहिला घुंऽऽ. लक्ष्मणरावांनी एकेक गोष्ट काढायला घेतली. ट्यूबलाइट बंद केली, ऐकलं, परत लावली. पंखा बंद केला, ऐकलं, परत लावला. फ्रिज, माइक, वायर, सगळं तसंच. गिरीशनं घाई करून दोन गोष्टी एकदम काढल्या, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर हलकेच चापट दिली. मग खुर्चीत टेकून त्यांनी विचारलं की मी यायच्या आधी तुम्ही काय काय काढून पाहिलंत.

गिरीशनं यादी सांगितली. माइक, वायर, विंडोज.

"आणखी?"

चहाचे कप उचलायला आलेली हर्षदा दारातून म्हणाली, "भामा."

"ही भामा कुठला पार्ट?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

मग सगळं सांगावं लागलं. लक्ष्मणरावांनी ते गाणं ऐकतात तसं, मान खाली घालून ऐकलं.

"ती गेल्यावर आवाज थांबला?"

"नाही."

"कमी झाला?"

"नाही काका."

"मग तिला परत का नाही लावलं?" ते म्हणाले. "माइक काढून पाहिलास, फरक नाही, परत लावलास. वायर काढलीस, फरक नाही, परत लावलीस. बाईलाच तेवढी बाहेर ठेवलीस. हा कुठला हिशेब, गिरीश? काढल्यानं दोष जात नसेल, तर काढलेलं आधी जागेवर लावायचं, आणि मग पुढची वस्तू. नाहीतर घर रिकामं होईल आणि आवाज तिथेच राहील."

कुसुमताईंना हे रुचलं नाही. "लक्ष्मणराव, माणसांचं आणि वायरींचं एक नसतं."

"हौ वहिनी, नसतं. वायर आठ दिवस बाजूला पडली म्हणून तिची चूल बंद होत नाही."

टेबलावरच्या हेडफोनमधून पहिल्यांदाच तो घुंऽऽ सगळ्यांना बिनगाण्याचा ऐकू आला. गिरीश उठला, स्कूटरची किल्ली घेतली आणि बाहेर पडला.

भामा भाजीबाजारामागच्या वस्तीत राहायची. ती दारात बसून कोणाची तरी चिंच फोडत होती. टोपलीमागे पैसे मिळणारं काम, घरं सुटल्यावर धरलेलं. गिरीशला पाहून ती उठली नाही. तोच समोर उकिडवा बसला, आणि चूक तिची नव्हती, आमची होती, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

"आवाज गेला, बाबू?" तिनं विचारलं.

"नाही. आहे अजून."

"मग मी नाही केलं, कसं कळलं?"

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत असा प्रश्न त्याला कोणी घातला नव्हता. "तू नव्हतीस तरी तो होता," तो म्हणाला. "आणि मला हे पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी बोललो नाही."

भामानं चिंचेचा एक चिंचोका बाजूला टाकला. मग ती म्हणाली, की त्या डब्याला तर ती ओलं फडकं कधी लावतच नाही. "चावतो तो डबा. आला त्या दिवसापासून. हात लावला की बोटात मुंग्या. अम्माला बोलले मी. अम्मा म्हणली, अंगात ताकद नाही तुझ्या, शेंगदाणे-गूळ खा."

"खाल्लेस?"

"खाल्ले ना. तरी चावतोच. म्हणून सुक्या फडक्यानं पुसते, पायात चप्पल घालून. तर घरात चप्पल घातली म्हणून पण अम्मा रागावली."

गिरीशला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. परत चल, असं तो म्हणाला. तिनं मान हलवली. "येते. पण बाकीच्या तीन घरांत अम्मानं सांगितलं, तर अम्मानंच जाऊन परत घ्यायचं. मी सांगितलं तर कोण ऐकतं?"

घरी येऊन गिरीशनं 'डबा चावतो' इथपासून सुकं फडकं नि शेंगदाणे-गुळापर्यंत सगळं सांगितलं, आणि लक्ष्मणराव खुर्चीतून उठले. त्यांनी बोटांची मागची बाजू कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावली, झटक्यात काढली, मुख्य बटण बंद केलं आणि टेबलामागे हात घालून प्लग ओढून बाहेर काढला.

तीन पिनांच्या प्लगला दोनच पिना होत्या! तिसरी, वरची जाड पिन, पकडीनं साफ कापलेली होती.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी एकनाथरावांकडे पाहिलं, कारण घरात पकड एकाच माणसाच्या कुलपात असायची.

"बोर्डाला भोकं दोनच होती," एकनाथराव हळूच म्हणाले. "नवीन बोर्ड कशाला, म्हटलं. दोन पिनांवर चालतो की."

लक्ष्मणरावांनी समजावलं, की तिसरी पिन शोभेची नसते. पेटीत भरकटलेली वीज ती जमिनीत नेऊन सोडते. ती कापली की वीज पत्र्यावर फिरत बसते. तिथून ती वायरीतून गाण्यात शिरते, तेव्हा तुम्हाला घुंऽऽ ऐकू येतो, आणि एखाद्याच्या ओल्या हातात शिरते, तेव्हा काहीच ऐकू येत नाही. तुमच्या नशिबानं ती बाई सुकं फडकं वापरत होती. बिघाड तिनं दोन महिने आधी सांगितला होता. तुम्ही तिला गूळ खायला सांगितलंत.

चौतीस वर्षांच्या ऑडिटात एकनाथरावांच्या स्वतःच्या कामावर पडलेला हा पहिला शेरा. त्यांनी तो निमूट घेतला, आणि नवा प्लग आणायला स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. इस्त्रीच्या तीन भोकांच्या बोर्डात तो लावला, आणि हर्षदानं एक ओळ गायली. तिच्या आवाजाखाली काहीही नव्हतं.

तेव्हा गिरीशनं भामाची अट सांगितली. कुसुमताई बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसल्या. चूक नवऱ्याची निघाली, एवढ्यावर त्यांचं सुटलं असतं. पण नवऱ्यानं फक्त पिन कापली होती. बाकीचं त्यांनी केलं होतं, हे त्यांना कळत होतं. त्या उठल्या, साडी बदलली आणि बाहेर पडल्या.

पहिल्या दोन घरी काम सोपं झालं. भामा निर्दोष होती, मी चुकीचं बोलले, उद्या तिला पाठवते. चहा झाला, विषय संपला. तिसऱ्या घरी सुनीताबाईंनी त्यांना आत घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, की तुमचं असेल खरं, पण आमचं चांदीचं निरांजन गेल्या आठवड्यापासून दिसत नाही.

आठ दिवसांपूर्वीच्या कुसुमताई असत्या तर त्यांनी 'मला वाटलंच' म्हटलं असतं. त्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चला, शोधू. देवघर, मग फडताळ, मग माळा. एक जागा पूर्ण पाहिल्याशिवाय त्यांनी दुसरीला हात लावू दिला नाही. दीड तास शोधलं. निरांजन सापडलं नाही.

"बघा," सुनीताबाई म्हणाल्या.

"काय बघू?" कुसुमताई म्हणाल्या. "सापडलं नाही, एवढंच दिसतंय. तिनं घेतलं, हे तुम्ही पाहिलंत? मीही पाहिलं नव्हतं, तरी सांगत सुटले. आता मी जामीन राहते. उद्यापासून ती ओट्यापाशी थांबणार नाही, घरभर वावरेल."

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी नारायणगुड्याला सीडी वाटल्या गेल्या. मुलांनी गाणी पाठ केली आणि नंतर 'आउट है तू' म्हणत ती खेळतानाही गायली. भामा चारही घरी कामाला आहे. सुनीताबाईंचं निरांजन अजून सापडलेलं नाही.

तर मंडळी, घरातल्या प्लगांच्या तिसऱ्या पिना एकदा मोजून घ्या, हे झालं विजेचं. माणसांचं एवढंच, की ज्याच्यावर संशय घेऊन बाजूला केलंत त्याच्या जाण्यानं दोष गेला नसेल, तर त्याला आधी सन्मानानं जागेवर आणा. खरा दोष सापडायची वाट पाहत बसू नका. तो कधी सापडेल, कधी सापडणारही नाही. त्याचा भुर्दंड कामाला येणाऱ्या बाईनं भरायचा नसतो.