दाब, धर, सोड

शालिग्रामनानांनी आपल्या धाकट्या भावजयीचा आवाज एकदाच ऐकला होता, आणि तेवढाही त्यांना जास्त झाला होता. लता तेव्हा लग्न होऊन नुकती पिंप्राळ्याच्या घरात आली होती. नाना टॅक्सी चालवायचे. ताटावर बसून ते भावाला सांगत होते, की धुळ्याहून साक्रीकडे जाताना आधी नेर लागतं, मग कुसुंबा. लताचं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. भाकरी थापता थापता तिच्या तोंडून निघून गेलं, की आधी कुसुंबा. बोलणं बरोबर होतं, हाच त्यातला गुन्हा. नानांनी घास खाली ठेवला आणि भावाला बजावलं, या घरात बायकांचा आवाज माझ्या कानांवर यायला नको.

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही, ही आमच्या खानदेशातली जुनी रीत. तशी शहरात ती तोवर सैल पडली होती. पिंप्राळ्यातच जेठाच्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात जाणाऱ्या सुना होत्या आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. नानांच्या घरात मात्र त्या एका वाक्याने रीत लोखंडासारखी घट्ट झाली. लताही काही कमी नव्हती. तिने मनाशी ठरवलं, बोलणं राहू द्या, यांना माझा खोकलासुद्धा ऐकू येणार नाही. नाना अंगणात खाकरले की ती दाराआड. दहा-बारा वर्षं हे असं चाललं, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याचा थोडा अभिमान होता.

सत्त्याऐंशी साली होळी होऊन गेल्यावर एका सकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साक्रीहून फोन आला. लताचे वडील चिंधाआबा पहाटे गेले होते. लेकीची वाट बघू, पण दिवस मावळायच्या आत उचलू, असा निरोप होता. लताचा नवरा जीवराम चाळीसगावला रेल्वेत ड्युटीवर होता. त्याला कळवलं, तो तिकडून यायचा तेव्हा येणार. नानांनी टॅक्सी काढली. जेठाबरोबर सून एकटी कशी जाणार, म्हणून सासू झुंबरबाई सोबत निघाल्या. त्यांचे गुडघे धरलेले आणि कानांनी जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही, पण सोबत ती सोबत.

गाडीचा क्लच पंधरा दिवसांपासून मऊ लागत होता, हे नानांना ठाऊक होतं. पाय ठेवला की खाली जायचा, पाहिजे तो जोर लागायचाच नाही. दोनदा मारला की धरतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली होती. मागे बसलेल्या लतालाही ते दिसत होतं. पारोळ्यापर्यंत नाना दोनदा पाय मारत होते, धुळ्यात चारदा मारायला लागले, आणि गिअर टाकताना खालून खर्रर्र आवाज येत होता. धुळ्यात रस्त्याला लागूनच गॅरेजं होती. एखाद्या गॅरेजवर गाडी दाखवून घ्या, असं लताच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. नानाही थांबले नाहीत. स्वतःच्या गाडीत खोट निघाली हे घरच्या बायकांसमोर कबूल करायचं त्यांच्या जिवावर आलं. दोघंही गप्प राहिली आणि गॅरेजं मागे पडली.

साक्री ओलांडून गाडी डोंगराकडच्या कच्च्या रस्त्याला लागली. गाव अजून तीनेक कोस होतं. नाल्यातला चढ चढताना खालून दगड लागला आणि क्लच जो खाली गेला तो वर आलाच नाही. नानांनी गाडी गिअरमध्ये ठेवून नुसत्या स्टार्टरवर पुढे काढायचा प्रयत्न केला. बॅटरी जुनी, समोर चढ. दोन हिसक्यांत गाडी बसली. त्या दिवशी साक्रीचा बाजार होता. बैलगाड्या सकाळीच तिकडे गेलेल्या, त्या परतणार संध्याकाळी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

नानांनी गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले. क्लचकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा जोड दगडाने ढिला झाला होता. तो त्यांनी आवळला, डिकीतल्या डब्यात ब्रेक ऑइल होतं ते वर भरलं. पण नळीत हवा शिरली होती आणि ती काढल्याशिवाय क्लच कडक होणार नव्हता. हे काम एकट्याचं नाही. एकाने वर बसून क्लच दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली एक बारीक निपल सैल करायचं, हवा आणि तेल फसकन बाहेर आलं की निपल आवळायचं, आणि ते आवळल्यावरच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं मातीत.

पहिल्यांदा झुंबरबाई बसल्या. त्यांनी दाबला, गुडघ्यात कळ आली, पाय सुटला. दुसऱ्यांदा तेच. मग गाडीखालून आईला ओरडून सांगणं झालं, की तिला बसायला सांग. तिला, म्हणजे लताला.

लताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांच्या जागेवर बसायचं आणि ते खाली पडलेले असताना त्यांच्या डोक्यावर पाय दाबायचा. थोरल्या माणसाला पायाचं बोट लागलं तरी वाकून पाया पडायची तिला सवय होती. तिने चपला काढल्या, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, पदर आणखी ओढला आणि बसली.

आता हुकूम असा जायला लागला. नाना खालून आईला सांगणार, दाबायला सांग. झुंबरबाई मागच्या सीटवरून काय काय म्हणणार. नाना पुन्हा ओरडणार. मग झुंबरबाई लताला सांगणार. लता दाबून सासूच्या कानाशी पुटपुटणार, की दाबलं. सासू ते आरामात खाली पोचवणार, आणि तोवर लताचा पाय थरथरून अर्धा वर आलेला असणार. नाना निपल सैल करत तेव्हा पायात जोर नसायचा. सोड म्हणायचा निरोप कधी निपल आवळण्याच्या आधी पोचायचा, कधी पोचायचाच नाही. हवा बाहेर जायची आणि पुन्हा आत यायची. दर खेपेला डब्यातलं तेल मात्र कमी होत होतं.

ऊन उतरायला लागलं. लताच्या मनात आलं, उतरावं आणि सरळ चालत सुटावं. पण चालत जाते, हे सांगायलाही तोंड उघडावं लागणार होतं. तिकडे माहेरच्या अंगणात लोक सूर्याकडे बघत बसले असतील हे तिला कळत होतं, आणि इथे ती पदर नीट आहे ना ते चाचपत होती. आपल्या पायाचा तळवा खालून नानांना दिसत असेल का, हाच विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. बाप मेलाय आणि मी तळव्याचं काय घेऊन बसलेय, असं तिला वाटलं आणि स्वतःचीच किळस आली.

तेल आता डब्याच्या बुडाशी आलं होतं. नाना उताणे पडून गाडीच्या काळ्या पोटाकडे बघत होते. पंधरा दिवस मऊ क्लच मारत फिरलो, धुळ्यात थांबलो नाही, आणि आता या पोरीला ओरडून चार शब्द सांगायची मला चोरी. ही चोरी दुसऱ्या कुणी लावली नव्हती. ताटावरचं ते वाक्य त्यांना चांगलंच आठवत होतं. कुसुंबा आधी येतं हेही सकाळी येताना त्यांनी पाहिलं होतं, आणि त्याआधी शेकडो वेळा पाहिलं होतं.

"लता," नाना खालून म्हणाले. तिचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. "मायले ऐकू येत नही. तू बोल. मी ऐकस."

लताने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज असा सांगितल्याबरोबर कुठून येणार. तिने क्लच दाबला, डोळे मिटले.

"दाबं," ती म्हणाली. आवाज घोगरा आला, तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"धर."

"धरं."

खाली फसकन आवाज झाला. पाना फिरला.

"सोड."

"सोडं."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. मध्ये कुणी नाही, निरोप्या नाही. दाब, धर, सोड. मागे झुंबरबाई डुलक्या घेत होत्या. चौथ्या-पाचव्या खेपेला लताच्या पायाखाली काहीतरी बदललं. पीठ मळता मळता हाताला घट्ट लागायला लागतं, तसा क्लच तिचा पाय वर ढकलू लागला.

"नाना, आते कडक शे!" ती ओरडली, लहान पोरीसारखी, हसतच.

आणि मग तिला आठवलं आपण कुठे निघालोय. हसू तोंडावरच राहिलं, ते कुठे ठेवावं तिला कळेना. ती घाईने उतरली, मागच्या सीटवर जाऊन पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली. नाना गाडीखालून निघाले तेही तोंड फिरवून, रुमालाने हात पुसत, गरज नसताना कितीतरी वेळ पुसत. ती नीट बसून दरवाजा वाजेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही. तिचं हसणं त्यांनी ऐकलं होतं. घरात एवढी वर्षं एक हसणारी बाई होती, हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि ते कळायला ही वेळ यावी याची त्यांना शरम वाटली.

गाव आलं तेव्हा अंगणात फक्त बायका होत्या. जमिनीवर पाणी ओतल्याचा ओला डाग होता. लताला बघून रडणं उसळलं. एकीने तिला कवटाळून सांगितलं, की वाट पाहून पाहून आत्ताच नेलं, अजून विसाव्यालाही पोचले नसतील. गावाबाहेरच्या लिंबाखाली तिरडी क्षणभर टेकवतात, तो विसावा. तिथे आणि त्यापुढे बायका जात नाहीत. म्हणजे संपलं. लता तिथेच उभी राहिली.

अंगणाच्या तोंडाशी नाना आले. ते न खाकरता आले.

"लता, गाडीमा बस," ते सगळ्या बायकांदेखत म्हणाले.

अंगणातलं रडणं थांबलं. जेठ सुनेला नावाने हाक मारतो, तीही तिच्या माहेरात, मढं निघालेल्या घरात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लताचे कान तापले, तरी ती गेली आणि बसली. सासू अंगणातच राहिली, गाडीत आता सोबतीला कुणी नव्हतं. नानांनी गाडी गल्लीतून काढली ती हॉर्न वाजवत. प्रेतयात्रेमागे हॉर्न वाजवणारा माणूस गावाने कधी पाहिला नव्हता. माणसं संतापून वळली. जीवराम त्यांत नव्हता, तो अजून पोचलाच नव्हता. तिरडी लिंबाखाली टेकली होती, आता उचलणारच होते.

नाना खाली उतरले. कपाळापासून मानेपर्यंत तेल आणि माती.

"थांबा. त्यासनी आंडेर उनी शे. तिले तोंड दखू द्या."

लताचा भाऊ पुना पुढे आला. याच आंडेरसाठी, लेकीसाठी दिवसभर ताटकळलो, चारदा माणूस वेशीपर्यंत पाठवला, आणि आता इथे बाईला आणता का, असं तो चिडून बोलला. एवढा उशीर झाला कशाने, तेही त्याने विचारलं. क्लच गेला होता एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. गाडी आहे, बिघडते, कुणाला शंका आली नसती. नानांच्या तोंडावर ते आलंही होतं.

"गाडी तं कव्हयच नीट व्हई जाती," नाना म्हणाले. "मन्ही लाजमा दिवस गया. तिना काही गुन्हा नही."

एका म्हाताऱ्याने वाकून चिंधाआबांच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. लता पुढे आली, जमिनीवर बसली. बाप झोपल्यासारखा नव्हताच दिसत, मेल्यासारखाच दिसत होता. तिने पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते. तिला रडायचं होतं, पण गळ्यातून आवाज येईना. माणसं वाट बघत होती. लेक बापासाठी रडत नाही, असं कुणीतरी मागे कुजबुजलं.

लताने मान किंचित वळवली. चार पावलांवर नाना उभे होते. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढला. तेवढ्याने नानांना कळलं. तिच्या गळ्यात काय अडकलंय ते दुसऱ्या कुणाला नाही, त्यांनाच कळण्यासारखं होतं, कारण ते त्यांनीच घातलेलं होतं.

ते मागे फिरले, गाडीत जाऊन बसले आणि काचा वर करायला लागले. पुढच्या दोन्ही केल्या. मग मागे वळून मागच्या केल्या. त्यातल्या एकीचं हँडल तुटलेलं होतं, ती अर्ध्यावर यायची आणि घसरायची. नानांनी मागच्या सीटवर जाऊन दोन्ही तळव्यांनी ती काच वर ओढली आणि तशीच दाबून धरली. गाडीत भट्टी झाली होती. तेलकट हात काचेवर सरकत होते.

लताने पाहिलं, काचा बंद आहेत. मग ती रडली, मोठ्याने, सगळ्या गावादेखत, बापाला हाका मारत. बंद काचांतूनही नानांना ते सगळं ऐकू येत होतं, पण त्यांनी काच सोडली नाही.