सहीचा चेंडू

मी बास्केटबॉल बोलतोय. जन्मलो उसळायला, पण वीस वर्षं काचेच्या पेटीत बसून काढली. नोकरीत कायम झालेल्या माणसासारखी.

माझ्या पोटावर ओरिन टॉलबर्टची सही होती. माझा मालक सुमंत तेव्हा अमेरिकेत डॅलसजवळ एम. एस. करत होता. एका दुकानाने या नव्या खेळाडूला सह्या करायला बसवलं होतं आणि त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. रांगेत सुमंत एकटा, तोही पावसामुळे आत शिरलेला. टॉलबर्टने मला मांडीवर घेऊन सही केली आणि वर त्याचेच आभार मानले.

पुढे याच टॉलबर्टने पंधरा मोसम मैदानं गाजवली. गुडघे गेले तेव्हा निवृत्त झाला, आणि मग तर जास्तच लाडका झाला. रोज टीव्हीवर बोलू लागला, गाद्यांच्या जाहिरातीत झोपू लागला. तो मोठा होत गेला, तशी माझ्यावरची सही लोकांना खोटी वाटू लागली.

डॅलसशेजारच्या अर्विंग गावातल्या सुमंतच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा पेटीला नाक लावी. शेजारचे अनिलकाका दर शनिवारी तपासणीला येत. "टॉलबर्टसमोर रांगेत तू एकटा? काहीतरीच काय यार!"

अनिलचं सुमंत मनावर घेत नसे. लागायचं ते रुहीचं. शाळेच्या संघात खेळणारी सुमंतची ही लेक टॉलबर्टची भक्त. तीही म्हणे, "बाबा, इट्स प्रिंटेड. इट्स ओके." त्या 'ओके'नंतर सुमंतला जेवण जात नसे.

यंदा साताऱ्याहून त्याची आई, शरयूआजी आल्या. खंडेनवमीला त्यांनी लॅपटॉप, मिक्सर, गाडी, सगळं ओळीनं पुजलं. नातीचं हत्यार म्हणजे चेंडू. गराजमधला मळका कशाला, म्हणून पेटीतून मला काढलं आणि नेमकं सहीवर हळदकुंकू लावलं.

"आई, अगं तो नव्हे!" सुमंत ओरडला.

"ओरडतोस काय? पुसते की." आजींनी सॅनिटायझर ओतून मला पदराने खसाखसा घासलं.

कुंकू गेलं. सहीही गेली. पदरावर काळा डाग उतरला.

रुहीने तो पदर हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "प्रिंट असं जात नाही," ती हळूच म्हणाली. "बाबा, इट वॉज रिअल. सॉरी."

इतकी वर्षं मला जपणाऱ्या सुमंतने त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडेच पाहत होता.

शनिवारी अनिलकाका आले. मी ड्राइव्हवेवर होतो, रुही पंपाने माझ्यात हवा भरत होती.

"सही कुठाय?"

"गेली, काका. पण खरी होती. आय सॉ इट."

काकांनी आधी बापाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "म्हणजे आता तूपण?"

रुही हसली. "बाबा, कॅच!"

सुमंतच्या हातून मी सुटलो. त्याला झेलता येत नाही, हे मला वीस वर्षांनी कळलं. हरकत नाही. फक्त मला पुन्हा पेटीत ठेवू नका.