दोन पायल्या चणे

डेल्फिन चूक कबूल करणाऱ्यांतली नव्हती. लग्न होऊन उमेळे गावात आल्याला बेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात तिच्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही, पण त्यांची कबुली ती फक्त फादरांकडे देई, तीही वर्षातून दोनदा.

म्हणून त्या सकाळी तिचा नवरा गॉडफ्रे स्वयंपाकघरात आला आणि बादलीपासून पातेल्यापर्यंत सगळी भांडी फुगलेल्या चण्यांनी काठोकाठ भरलेली पाहून जागीच थांबला, तेव्हा ती खोबरं कातरत राहिली.

"दोन पायल्या भिजवल्यास? अगो, संध्याकाळी क्रुसापुढे माणसं तीन. तू, मी आणि क्लेमेंटीन. त्यात क्लेमेंटीनला दात नाहीत!"

हातच चुकला होता. सासूची लाकडी पायली दोनदा भरायची, एवढंच त्या हाताला माहीत. वाडी विकली, केळी गेल्या, तिथे सात मजले उभे राहिले आणि आपण तळमजल्यावर राहायला आलो, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"येतील," डेल्फिन म्हणाली.

वाडीचा क्रूस मात्र जागचा हलला नव्हता. आता तो पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे उभा होता. मे महिन्यात त्याच्यापुढे नऊ संध्याकाळी प्रार्थना व्हायची. नऊ घरं, नऊ दिवस. ज्याचा दिवस त्याचे चणे, आणि एका घराने दुसरा दिवस घ्यायचा नाही, असा रिवाज. पण एकेक घर विकून लांब गेलं. गेल्या वर्षी दोन उरली होती. यंदा शेजारची क्लेमेंटीनही लेकीकडे राहायला गेली, प्रार्थनेपुरती तेवढी येई, आणि उरलं हे एकच.

"आज आपला दिवस झाला की बंद करू," गॉडफ्रे हळूच म्हणाला. "उद्याचं घर आणायचं कुठून? फादरांना सांगून टाकतो."

डेल्फिनची नजर पायलीकडे गेली. सासूने मरताना दागिने थोरल्या सुनेला दिले होते आणि पायली हिला. वर म्हणाली होती, "चणे आयत्या वेळी शिजत नाहीत, बाय. आनंदाचंही तसंच. आदल्या दिवशी भिजत घालावा लागतो." थोरलीचे दागिने केव्हाच मोडले. पायली अजून शाबूत होती, आणि डेल्फिनला तिचा भारी अभिमान होता.

संध्याकाळी तिने ठेवणीतली साडी नेसली, क्रुसाला मोगऱ्याचा हार घातला. रोझरीची प्रार्थना झाली. तीन आवाज गाड्यांच्या मधे कुठल्या कुठे विरले. शेवटच्या गाण्याला गॉडफ्रेने आवाज खाली घेतला, उगाच लोकांना त्रास नको म्हणून. डेल्फिनने वर चढवला. समोर सगळी वाडी उभी असल्यासारखी ती गायली, आणि गाताना तिला खरोखरच आनंद झाला. तीन माणसांचा देव काय छोटा असतो होय?

खिडक्या उघडल्या. आधी पोरं उतरली, त्यांच्यामागे त्यांना शोधत आया.

"आंटी, हे काय आहे?"

"चणे. हात पुढे कर."

मीठ-खोबऱ्याचे गरम चणे. रामू वॉचमन रजिस्टर मिटून आला. कामावरून परतणारे खांद्यावरची बॅग न उतरवताच द्रोण घेऊन उभे राहिले. वर्षभर एका लिफ्टमधून वर-खाली करणारी माणसं पहिल्यांदाच एकमेकांना नाव विचारत होती. क्लेमेंटीन चणे हिरड्यांनी चघळत सगळ्यांना सांगत होती, की तुमच्या लिफ्टच्या जागी आमची विहीर होती आणि नऊ दिवस नऊ घरं पाळीपाळीने चणे करायची.

तासाभरात पातेल्याचा तळ दिसला. गॉडफ्रे त्या तळाकडे बघतच राहिला. डेल्फिनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या वसुंधराबाई रिकामा द्रोण घेऊन घुटमळल्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "तो क्रूस जरा कडेला घेता येईल का?" असं विचारणाऱ्या त्याच.

"डेल्फिनताई, उद्या कुणाचं घर?"

गॉडफ्रेने तोंड उघडलं. डेल्फिनने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"अजून ठरायचंय."

"मग आमचं चालेल? म्हणजे, आम्ही काही तुमच्यातले नाही. प्रार्थना येत नाही."

"प्रार्थना आम्ही म्हणू. चणे तुम्ही शिजवा."

वसुंधराबाईंचा चेहरा खुलला. "किती लागतील हो?"

डेल्फिन आत गेली. सासूची पायली पदराने पुसली, बाहेर आणली आणि त्यांच्या हातात दिली. बेचाळीस वर्षांत पायली पहिल्यांदाच दुसऱ्या घरी जात होती.

"दोनदा भरायची," ती ताठ मानेने म्हणाली. "आणि आत्ताच भिजत घाला."