ओन्नीचा होकार

टेक्सासला शिकारीला जायची कल्पना क्लेमची होती, म्हणजे ती वाईटच असणार हे मी ऐकण्याआधीच ठरवून टाकलं. क्लेम ट्रेव्हॅरो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वाडवडील कॉर्नवॉलहून इथल्या खाणीत कामाला आले, तेव्हा येताना बडबड बरोबर घेऊन आले. आम्ही फिनलंडवाले मागाहून आलो, तोवर बोलण्याचं सगळं काम वाटून संपलं होतं. तेव्हापासून मिशिगनच्या या वरच्या टोकाला ते बोलतात आणि आम्ही कॉफी पितो.

तरी या खेपेला मी क्लेमच्या बाजूने उभा राहिलो, ते ओन्नीमुळे.

ओन्नी माझा मेव्हणा, माझ्या धाकट्या बहिणीचा, लेम्पीचा, नवरा. ती एप्रिलमध्ये गेली. बर्फ वितळून गावभर चिखल झाला होता आणि शवपेटी उचलताना आमचे बूट रुतत होते. त्या दिवसापासून ओन्नीने तिचं नाव एकदाही काढलं नाही. तो रडला नाही, कुणावर खेकसला नाही. काही विचारलं की म्हणायचा, "यो."

यो म्हणजे हो. आमच्यात ते म्हणायची एक रीत आहे. बाहेरचे लोक श्वास सोडत हो म्हणतात, आमची जुनी माणसं श्वास आत ओढत म्हणतात. शब्द जेमतेम ऐकू येतो, बाकी नुसता हुस्स आवाज. क्लेम म्हणतो, "तुम्ही लोक इतके चिकट, हो म्हणतानासुद्धा तोंडातली वाफ फुकट घालवत नाही."

जेवलास? यो. झोप लागते? यो. यातलं काहीही खरं नव्हतं. त्याने सौना, म्हणजे परसातली वाफेने अंघोळ करायची खोली, पेटवायची सोडून दिली होती. आमच्याकडे शनिवारी ज्याच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघत नाही, त्याच्या घरी शेजारी बघायला जातात, माणूस जिवंत आहे ना म्हणून. मीही जाऊन आलो. जिवंत होता, पण एवढंच.

मला दोन गोष्टींचं भय होतं. एक, हा असाच कुढत कुढत तिच्या मागे जाईल. आणि दुसरं जरा आपमतलबी आहे, पण सांगतो. मी लग्न केलं नाही. लेम्पी एवढंच माझं माणूस. मला तिच्याबद्दल कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि तिला सगळ्यात जास्त ओळखणारा माणूस तोंड शिवून बसला होता. मला त्याचा राग यायचा. खरंच यायचा.

ऑक्टोबरात त्याने उन्हाळ्यापासूनचं सगळ्यात मोठं वाक्य उच्चारलं. "यंदा मी कॅम्पला येत नाही."

नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडतो तेव्हा आमच्याकडे शाळांनासुद्धा सुट्टी देतात, आणि जो तो आपापल्या जंगलातल्या लाकडी झोपडीत, म्हणजे कॅम्पला, जाऊन राहतो. आम्ही तिघं मिसरूड फुटल्यापासून एकाच झोपडीत जात होतो. ओन्नी नाही म्हणाला त्याच संध्याकाळी क्लेम माझ्या दारात हजर.

"त्याला ती झोपडी नकोय, कारण तिथल्या भिंतींना तो माहीत आहे," क्लेम म्हणाला. "त्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी न्यायचं. टेक्सास. हरणं आहेत, वर रानडुकरं."

"आपण जन्मात रानडुक्कर पाहिलेलं नाही."

"डुकरांनी तरी आपल्याला कुठे पाहिलंय?"

शनिवारी आम्ही ओन्नीच्या स्वयंपाकघरात बसलो. क्लेमने टेबलभर नकाशा पसरला आणि त्याच्यावर कॉफीचा मग ठेवला. ओन्नीने वेलदोड्याचा पाव कापून पुढे केला आणि खुर्चीत मिटून बसला. पाव बेकरीतला होता. लेम्पी असती तर बेकरीतला पाव त्या घराचा उंबरा ओलांडू शकला नसता. 

"हे बघा," क्लेम म्हणाला. "हे आपण. हे टेक्सास. मधे काही नाही."

"मधे अख्खी अमेरिका आहे," मी म्हणालो.

"ती पार होते. आता ऐका. हरणांना मर्यादा आहे, ठरली तेवढीच मारायची. डुकरांना काही धरबंध नाही. बारा महिने मारा, दिसतील तितकी मारा, वर शेतकरी जेवू घालतो. एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं उकरून ठेवतात म्हणे."

"आणि डुक्कर अंगावर आलं तर?"

"झाडावर चढायचं."

"तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"ते डुकराला कशाला सांगतोस?"

मग त्याने तिकडची तऱ्हा सांगितली. मचाणासमोर एक पिंप टांगलेलं असतं, त्यातून ठरल्या वेळी आपोआप मका उडतो आणि हरणं जेवायला येतात. मला ते काही पटलं नाही. "म्हणजे पंगतीला बसलेल्या पाहुण्यावर बार टाकायचा?" मी म्हणालो. क्लेम म्हणाला, तिथलं झुडूप इतकं दाट आणि काटेरी असतं की पाहुण्याला बोलावल्याशिवाय तो दिसतच नाही.

"साप?" मी विचारलं. आमच्याकडे विषारी साप नाहीत, म्हणून सापाचं भय आम्हाला जरा जास्तच.

"असतात. शेपटीचा खुळखुळा वाजवून आधी कळवतात. इतका सभ्य प्राणी आपल्या गावात एक नाही."

"बरं, गोळी लागून हरीण पळालं, तर माग कसा काढायचा? तिकडे बर्फ नसतो."

हे मी मुद्दाम विचारलं. माग काढण्यात ओन्नीच्या पासंगाला पुरेल असा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता. पूर्वीचा ओन्नी असता तर त्याने आम्हाला तासभर अक्कल शिकवली असती. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होता.

क्लेमने मला डोळा घातला. "ओन्नी, मी म्हणतो आपण बर्फावर चालायचे जाळीचे बूट नेऊ या. टेक्सासला लागतील."

"यो," ओन्नी म्हणाला.

क्लेमचा चेहरा उतरला.  चुकीचा खिळा दिसला तर लोकांच्या घरात जाऊन तो उपटणारा माणूस हा. त्याला आता काही म्हणजे काहीच दुरुस्त करावंसं वाटत नव्हतं.

"फोन लाव," मी क्लेमला म्हणालो. "आजच ठरवून टाकू."

अर्लीन स्टब्ज ही तिकडच्या एका मोठ्या कुरणाची मालकीण. शिकाऱ्यांना राहायला खोल्या आणि बसायला मचाणं द्यायची. क्लेमची आणि तिची फोनवर गट्टी जमली होती, कारण दोघांच्याही जिभेला हाड नव्हतं. क्लेमने फोनचा आवाज मोठा करून तो नकाशाच्या मध्यावर ठेवला.

"माझा एक नियम आहे, मंडळी," अर्लीन म्हणाली. तिचं बोलणं काकवीसारखं संथ होतं. "ज्याचा त्याने स्वतःच्या तोंडाने होकार द्यायचा. मागे एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांनी ओढून आणलं. बिचारा सगळे दिवस माझ्या ओसरीवर कुत्र्याशी बोलत बसला. माझ्या कुरणात मनाविरुद्ध आलेला माणूस नको."

क्लेमने आपला होकार दिला, त्यात त्याच्या गुडघ्याचा इतिहासही आला. मी नुसतं हो म्हणालो. मग ती म्हणाली, "आणि तिसरे साहेब? ओन्नी साहेब, बंदूक स्वतः हाताळता ना?"

"यो," ओन्नी म्हणाला. हुस्स.

आता अर्लीनचा आवाज जरा मऊ झाला. "मचाणाची शिडी चढता येते?"

"यो." पुन्हा हुस्स.

"आणि साहेब, तुम्हाला खरंच यायचंय? मनापासून?"

या वेळी त्याने बराच वेळ घेतला. मी टेबलाखाली मुठी आवळून बसलो होतो. शेवटी त्याने श्वास आत ओढला, जरा लांब, जरा थरथरता. "यो."

फोनवर काय ऐकू गेलं असेल ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. टेक्सासच्या त्या बाईला शब्द ऐकूच गेला नव्हता. तिला ऐकू आले ते तीन हुंदके.

"राजा," अर्लीन एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू रडतोयस का?"

"नाही हो, त्यांच्यात असंच असतं," क्लेमने तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली. का घातली ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

"क्लेम, तू जरा गप बस. मी यांच्याशी बोलतेय. कोण गेलं, राजा?"

ओन्नी फोनकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. टेक्सासच्या नकाशावर पडलेला एक फोन, आणि त्यातून येणारा, आमच्यापैकी कुणीच न पाहिलेल्या बाईचा आवाज. मला वाटलं, हा आता उठून परसदारी जाईल.

"बायको," तो म्हणाला. आणि मग, "लेम्पी."

"कशी होती ती?"

इतके महिने आम्ही सगळे त्याला विचारत होतो, तू कसा आहेस. पाद्रीबाबांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, मी तर रोज विचारलं. ती कशी होती, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तिचा सख्खा भाऊ असून विचारलं नव्हतं.

"बुटकी," ओन्नी म्हणाला. "भांडखोर. पत्ते खेळताना लबाडी करायची." तो थांबला. मग जुनं दार कुरकुरत उघडावं तसा पुढे बोलू लागला. "तिला हरणाचं मांस आवडायचं नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

"लग्नाच्या पहिल्या वर्षीच मला सांगितलं तिने. म्हणाली, रानाचा उग्र वास येतो, घशाखाली उतरत नाही. पण भाऊ दरवर्षी त्याच्या हरणाची मागची तंगडी पाठीवर टाकून आणतो, त्याला कळलं तर तो मोडून पडेल. मग खात राहिली. कांदा ढीगभर घालायची. जन्मभर खाल्लं तिने."

ती माझ्यासमोर दोनदा वाढून घ्यायची. मी डोळ्यांनी पाहिलंय. वर म्हणायची, एल्यास, यंदाची तंगडी गेल्या वर्षीपेक्षा कोवळी आहे.

"मग आवडायचं काय बाईला?" अर्लीनने विचारलं.

"डुकराचं. मोहरी चोळून भाजलेलं."

फोनमधून इतकं मोठं हसू आलं की टेबल थरथरलं. "राजा, मग तू अगदी योग्य ठिकाणी फोन केलास. माझ्याकडे दुसरं काही पिकत नाही."

"माझ्या वाटची हरणं या दोघांना द्या," ओन्नी म्हणाला. "मला डुक्कर हवंय. तुमच्याकडे चूल आहे ना बाहेर?"

"चूल आहे, मोहरी आहे. म्हणजे तू येतोयस तर?"

ओन्नीने आमच्या दोघांकडे पाहिलं. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. "तीन वेळा सांगितलं की," तो म्हणाला.

फोन बंद झाला. मग माझा बांध फुटला.

"जन्मभर? आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही? तू माझ्यापेक्षा मोठं हरीण मारलं म्हणून मी दरवर्षी तुझ्याशी भांडायचो, ते कशासाठी? तिला चांगला तुकडा माझ्या हातून मिळावा म्हणून!"

"माहीत आहे."

"मग सांगायचं नाही का गाढवा?"

"तुला लागलं असतं."

"आणि आता काय गुदगुल्या झाल्या?"

ओन्नी जरा विचार करून म्हणाला, "ती असेपर्यंत सांगायचं नाही, असं कबूल केलं होतं. त्यानंतरचं काही बोलणं झालं नव्हतं."

मी रडलो. ते सांगायला मला काही वाटत नाही. रडताना हसूही येत होतं, त्यामुळे कॉफी नाकात गेली आणि क्लेमने माझ्या पाठीत इतके धपाटे घातले की एखादं डुक्कर आडवं झालं असतं. लेम्पीला पुरलं तेव्हा मला वाटलं होतं, तिच्याबद्दल आता नवं काही कळायचं राहिलं नाही. आणि इथे माझ्या ताटात अख्खी नवी लेम्पी येऊन पडली होती, नाक मुरडत माझी तंगडी गिळणारी.

ओन्नीने क्लेमचा मग नकाशावरून उचलून बाजूला ठेवला. मगाच्या बुडाचा गोल डाग पुसला. मग खिशातून चष्मा काढला आणि खाली वाकला.

"हा रस्ता कुणी काढला?" त्याने विचारलं.

"मी," क्लेम म्हणाला.

"शिकागोतून? बंदुका, सामान, तीन म्हातारे घेऊन शिकागोच्या रहदारीतून? आंधळ्याने काढला असता तरी बरा निघाला असता." त्याने नदीच्या कडेने बोट खाली न्यायला सुरुवात केली. "इथून खाली जायचं. पहिला मुक्काम इथे. आणि डुकराचं मांस परत आणायला बर्फाची मोठी पेटी लागेल, तिचा विचार केलाय का कुणी?"

क्लेमने नाही म्हणून मान हलवली. शिव्या खाताना इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"ओन्नी," मी नाक पुसत विचारलं, "तिचं असं अजून काही आहे? मला माहीत नसलेलं?"

त्याने नकाशावरून डोळे उचलले नाहीत. "पुष्कळ आहे. दोन दिवसांचा रस्ता आहे, गाडीत सांगतो. तू माझ्या शेजारी बस, क्लेम मागे बसेल."

"अरे, गाडी माझी आहे," क्लेम म्हणाला.

"मग तू चालव," ओन्नी म्हणाला. "पण बोलायचं मी."